एकशे सत्याऐंशीवा जीव

३ मार्च, मंगळवार

एकशे शहाऐंशी खरे. एक बनावट!

तीनदा तपासलं. गेमची कॅसेट काढली, टोकं पुसली, परत लावली. तेच.

नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच पटायचं नाही. वीस वर्षं मी हातातल्या यंत्रावर हा एकच गेम खेळतोय. गवतात शिरायचं, जीव पकडायचे, वाढवायचे, दुसऱ्याच्या यंत्राला वायर जोडून अदलाबदल करायची. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, या वयात? — विचारणारे विचारोत. माझ्या कॅसेटमध्ये लबाडीचा एकही जीव नाही, हे मी छातीठोक सांगत आलो. प्रत्येकाची वहीत नोंद : नाव, जागा, पातळी.

आज कॅसेट संगणकाला जोडायचं यंत्र पुरं झालं. माझं मीच बनवलं — कॉलेजची पायरी न चढता. प्रत्येक जीवाच्या पोटात काय लिहिलंय ते पडद्यावर दिसतं. मी पकडलेल्या सगळ्यांवर माझा क्रमांक, ५३९७७. अदलाबदलीत आलेल्यांवर मास्तरचा. जागा बरोबर. बॅटरीही ठीक दिसते. ती संपली की सगळं पुसलं जातं, म्हणून अकरा वर्षांपूर्वी बंदरावर चौदा महिने कामाला गेलो तेव्हा आधी ती स्वतः बदलून, सोल्डर करून गेलो होतो. लेकीला बजावलं होतं, "माझा टाका आहे, दहा वर्षं बघायला नको."

सगळ्यात शेवटी चंद्रकोर. ती गवतात सापडतच नाही. एका रविवारी, एका खेळण्यांच्या दुकानात कंपनीनं वायरीवरून वाटली होती — एकदाच. चार तास रांगेत होतो, लेक खांद्यावर. आणि हिच्या पोटात जागा लिहिलीय — नदीकाठचं गवत!

कुणीतरी बनवलीय. धड बनवतासुद्धा आली नाही.

४ मार्च

झोप नाही. मास्तरच!

शाळेत चित्रकला शिकवतो, पंचवीस वर्षांचा दोस्त. त्यानंच एकदा म्हटलं होतं, "माझ्या यादीत चंद्रकोरीची जागा ओकीबोकी दिसते रे. पाठव, नोंद झाली की परत." ही आमची रीतच — जीव पाठवायचा, नोंद होईपर्यंत दोघांनी पडद्यावरून नजर हटवायची नाही, लगेच परत. त्या दिवशी गिऱ्हाईक आलं आणि मी पाठ फिरवली. पाठ फिरवली! वाट्टेल तो जीव बनवायची डबी मास्तरच्या टेबलाच्या खणात असते, हे मला ठाऊक होतं. खरी ठेवून घेतली, खोटी परत केली.

बायकोला सांगितलं. ती इस्त्री करत होती. "अहो, अकरा वर्षं झाली त्याला. आता कशाला उकरताय?"

अकरा नाही, सोळा. तिला आकड्यांचं कधीच जमलं नाही.

६ मार्च, शुक्रवार

शुक्रवारी बाजार बंद. दुपारी माझ्या दुकानात बैठक — मी, मास्तर, सलूनवाला, औषधवाला. चहा येऊ दिला. मग पडदा मास्तरकडे फिरवला.

"ही कुणी बनवली?"

त्यानं चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघितलं. "मी."

एवढंच! नाकारेल, तावातावानं भांडेल, म्हणून मी पुरावे क्रमानं लावून ठेवले होते.

"आणि खरी?"

"ती गेली रे."

"गेली म्हणजे? पाय फुटले?"

त्यानं चष्मा पुन्हा नाकावर ओढला. सलूनवाला मला चिडवत म्हणाला, "इंजिनिअर, खोट्या जनावरापायी खऱ्या दोस्ताला भादरतोस होय! ते काम माझं." सगळे हसले. मास्तरही हसला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. म्हणालो, "पोरांची चित्रं स्वतः रंगवून स्पर्धेला पाठवणारा तू! तुझ्या हातून दुसरं काय होणार?"

ही गोष्ट त्यानं फक्त मला सांगितली होती.

वायर त्याची होती. गुंडाळून समोर टाकली. त्यानं उचलली नाही. चहा अर्धा ठेवून गेला.

बरं झालं.

७ मार्च

कुणी फिरकलं नाही. चार घड्याळं उरकली.

९ मार्च, सोमवार

लेकीचा फोन. आईनं सांगितलं असणार.

"बाबा, काकांना काही बोललात?"

"बोललो. चार लोकांत बोललो. कबूल केलं त्यानं."

"आणखी काय म्हणाले ते?"

"काय म्हणणार? तोंड होतं का?"

"ती मीच बनवून घेतली होती त्यांच्याकडून. शप्पथ घातली होती, बाबांना सांगायचं नाही म्हणून."

पोटची पोर! मास्तर एक वेळ परका म्हणून सोडून दिला असता. ही खांद्यावर बसून होती त्या रांगेत. कशाला, म्हणून ओरडलो.

"कॅसेट उघडा, बाबा. बॅटरी बघा." फोन ठेवला.

नाही उघडणार. म्हणे उघडा!

१० मार्च

उघडली.

बॅटरीचा टाका माझा नाही. माझा मोहरीएवढा, चकचकीत असतो. हे ढेकूळ आहे, शेजारी प्लास्टिक जळलेलं. वहीचं पहिलं पान काढलं. वीस वर्षांपूर्वीचं माझंच अक्षर : माझा क्रमांक २०४१८. खेळ पहिल्यापासून मांडला की क्रमांकही नवा मिळतो.

माझा टाका सुटला होता. मी बंदरावर असतानाच सगळं पुसलं गेलं. मग बारा वर्षांच्या पोरीनं माझी वही समोर ठेवून पहिल्यापासून खेळ मांडला. मास्तरनं वायर लावून त्याच्याकडचे जीव पुन्हा दिले. नाव, जागा, पातळी — वहीबरहुकूम. चंद्रकोर तेवढी परत मिळण्यासारखी नव्हती.

अकरा वर्षं बायको धरून तिघंही माझ्या बढाया ऐकत राहिले.

टाका बदलला नाही. झाकण लावलं. मास्तरची वायर खिशात घातली. त्याचं घर दहा मिनिटांवर. अजून उठलेलो नाही.