भाऊफोंट्याला झालेलं निदान

चंदननगर,
माघातला एक रविवार

श्रीचरणेषु बुलुदिदी,

तुझ्या भोंबलचा साष्टांग नमस्कार. आमच्या मेहुण्यांचे, जामाईबाबूंचे गुडघे काय म्हणतात? (खाली बसता येत नसलं तरी रागावता येत असेल, तर तब्येत उत्तम समजतो.) मी जिवंत आहे आणि तुझ्यामुळे आहे, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर बोलण्याच्या ओघात राहून जायचं.

भाऊफोंट्याला, म्हणजे आपल्या भाऊबिजेला, माझ्या कपाळाला चंदन लावता लावता तू मध्येच माझी पापणी खाली ओढलीस आणि म्हणालीस, "भोंबल, अंगात रक्त आहे की भाताची पेज?" तोवर आमच्या घरात सगळ्याला एकच नाव होतं, आम्लपित्त. जिन्यावर धाप लागली, आम्लपित्त. चक्कर आली, तरी तेच. (शेजारचे घोषबाबू तर म्हणाले, आम्लपित्त नसेल तो बंगाली कसला.) तू मात्र फराळाच्या ताटावरून उठवून मला तपासायला नेलंस. तेव्हा रागावलो होतो, कारण ताटात छेन्याचे संदेश होते.

रक्त निम्म्यावर आलेलं. कोलकात्याच्या सान्याल डॉक्टरांनी वरून नळी घातली, खालून घातली, काही सापडेना. बाहेरून दिलेलं रक्तही आत कुठेतरी झिरपून जात होतं. तेव्हा मात्र मी घाबरलो, दिदी. गच्चीतल्या डेलियाच्या कुंड्या कोणाला द्यायच्या, हेसुद्धा मनात ठरवून टाकलं.

मग त्यांनी गोळीएवढा कॅमेरा पुढे केला. गिळता येईल ना, म्हणाले. मी म्हटलं, "डॉक्टरबाबू, जन्मभर इलिश मासा खाल्लाय, एक काटा कधी घशाखाली गेला नाही. मला गिळायचं काय शिकवता?" कॅमेरा दिवसभर पोटात फोटो काढत फिरला, आणि त्याला लहान आतड्यात काय दिसलं, तर भिंतीत रुतलेला काटा. इलिशचा. भोवती जखम, आणि तिथून रक्ताची बारीक धार.

भूल देऊन, लांबलचक नळी इंचाइंचाने आत सरकवून त्यांनी तो उपसला आणि जखम बंद केली. शुद्धीवर आलो तर काटा बाटलीत, आणि भोवती वाद. डॉक्टर म्हणत होते मासा पद्मा नदीचा, सिस्टरदिदी म्हणत होत्या गंगेचा. माझं कसं आहे, हे कोणी विचारेना. शेवटी डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "पापणी ओढणाऱ्या दिदींना माझा नमस्कार कळवा. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं."

आता जिना एका दमात चढतो. वर पोचल्यावर दरवेळी तुझी आठवण येते.

तुझा,
भोंबल

ता. क. तुझी भावजय माला म्हणते, काटा श्रावणात तुझ्याकडे सिलिगुडीला खाल्लेल्या माशाचाच. मी तिच्या आईने जामाईषष्ठीला जावयाचा मान म्हणून वाढलेल्या माशावर संशय घेतलाय. मालाचा फोन आला तर तू काही बोलू नकोस.

आणखी एक. डॉक्टरांनी इलिश खायला परवानगी दिली आहे, मालाने दिलेली नाही. पावसाळ्यात तुझ्याकडे येतो. मोहरी लावून कर. काटे मात्र लहानपणी द्यायचीस तसे तूच काढून दे. जेवताना दार लावून घेऊ.