माझ्या नायिकेचे संवाद

४ फेब्रुवारी
कादंबरी सुरू! म्हणजे टेबल सुरू. हिचं इस्त्रीचं टेबल खिडकीशी ओढलं, डुगडुगत होतं म्हणून एका पायाखाली पुठ्ठा घातला. रोज पहाटे पाच ते सात लिहायचं. जूनपर्यंत पहिला ड्राफ्ट हातावेगळा. मग ऑफिसला कळेल, लिफ्ट बंद पडल्याच्या तक्रारी घ्यायला त्यांनी कोणाला बसवलं होतं ते. हिने विचारलं की आता इस्त्री कुठे करायची. लेखकाच्या घरात असले प्रश्न पडतात, काय बोलणार!

५ फेब्रुवारी, सकाळी सव्वानऊ
गजर वाजला. बंद केला. पेंगुळलेल्या डोक्याने लिहिणं ही वाचकाची फसवणूक आहे. उद्यापासून नक्की.

१३ फेब्रुवारी
पहिलं प्रकरण झालं. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या समीक्षकाला वाचायला दिलं. (डब्यातल्या भाजीपासून साहेबांच्या टायपर्यंत सगळ्यावर मत असतं, म्हणून हे नाव.) म्हणाला, नायक बोअर आहे, पानभर खिडकीतून बघत बसतो. पण नायिका एकदम जिवंत. ती नायकाला म्हणते ना, की तुझ्यापेक्षा नळाशी बोललेलं बरं, तो निदान गळतो तरी. तिथे तो खो खो हसला. कुठून सुचतं, विचारत होता. म्हटलं, निरीक्षण. आता ही भांडी घासताना जे बोलते त्यातलं थोडंफार येतं, नाही असं नाही. पण कच्चा माल तो कच्चा माल. घडवणारा हात महत्त्वाचा.

१९ फेब्रुवारी
हिला हॉस्पिटलात बढती मिळाली. हेड सिस्टर! पण दुसऱ्या शहरात, रेल्वेने अख्खी रात्र. महिनाअखेर कळवायचंय. म्हणाली दोघंही जाऊ, तुझ्या कंपनीचं तिथेही ऑफिस आहे, बदली मागून तर बघ. म्हटलं, तिसरं प्रकरण हातात आहे, तेवढं होऊ दे. म्हणाली, दुसरं कुठाय? मुद्दा तो नव्हता.

२४ फेब्रुवारी
हिने परत विषय काढला. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली की नाही म्हणालास तरी चालेल रे, पण तू मला नुसतं ठेवून दिलंयस, नंतर वाचू म्हणून बाजूला ठेवलेल्या पेपरसारखं.
काय वाक्य! अंगावर काटा आला. नेमकं पेन सापडेना. म्हटलं, थांब थांब, शेवटचं परत म्हण, जरा सावकाश.
परत म्हणाली नाही. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि आत गेली. आठवेल तसं उतरवून घेतलं. चष्म्याचंही घेतलं.

२८ फेब्रुवारी
हिने होकार कळवला. एकटीचा. मी मोठ्या मनाने म्हटलं, जा, मलाही एकांत हवाच होता, आणि तात्पुरतंच तर आहे. म्हणाली, तात्पुरतं नाहीये. नव्या नोकरीच्या टेन्शनमध्ये माणूस काहीही बोलतो.

६ मार्च
मेहुणा टेम्पो घेऊन आला. हिचं कपाट, शिलाई मशीन, दोन पेट्या. माझ्याशी नजर मिळवत नव्हता. मूळचाच घुमा. टेबल उचलायला लागला तेव्हा ही म्हणाली, राहू दे, त्याचं काम चाललंय.
निघताना तिने विचारलं, काही बोलायचंय का. मी विचारलं, गॅसवाल्याचा नंबर कुठे लिहिलाय. तिने सांगितला. टेम्पो वळेपर्यंत खिडकीत उभा होतो. प्रसंग चांगला आहे, कुठेतरी वापरता येईल.

७ मार्च
काय शांतता! आज दहा पानं.

७ मार्च, संध्याकाळी
दोन ओळी. खोडल्या. एकांताची सवय व्हायला वेळ लागतो.

१५ मार्च
हिला फोन केला. सहज. पेन आणि कागद घेऊन बसलो होतो. कशी आहेस? बरी. पाणी कसं आहे तिकडचं? चांगलं. पूर्वी दूध नासलं तरी पाऊण तास बोलायची! म्हटलं, काहीतरी बोल ना. तर म्हणाली, तुमचं काही काम होतं का? लग्नापासून अरे-तुरे करणारी बाई. वॉर्डात शेजारी कोणी उभं असणार.

२ एप्रिल
समीक्षकाने नवी पानं परत दिली. म्हणाला, नायिकेला झालंय काय? येते, हूं म्हणते, जाते. मी म्हटलं, मुद्दाम केलंय, मौनाचा प्रयोग आहे.
घरी येऊन लिहायला बसलो. नायकाने तिला विचारलं, जेवलीस का? पुढे ती काय म्हणेल, काही केल्या सुचेना. म्हणून पहिल्या पानापासून सगळं वाचून काढलं. ती सारखी काही ना काही विचारते. येतोस का, ऐकतोयस का, काय ठरवलंस. आणि हा गाढव खिडकीतून बघतोय. एकाही प्रश्नाला उत्तर नाही.
पेन घेतलं आणि त्याच्या तोंडी लिहिलं, चल, मीही येतो. अख्ख्या कादंबरीत माझं स्वतःचं असं एवढंच वाक्य. बरं जमलंय. आत्ताच्या आत्ता तिला सांगावंसं वाटलं. मोबाइल उचलेना, म्हणून वॉर्डात फोन लावला. तिकडच्या माणसाने विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, सिस्टरच्या घरून बोलतोय.
तो म्हणाला, असं कसं साहेब, सिस्टर तर आत्ताच घरी गेल्या.