या-सान

इचिकावा, जपान
५ जून २०२५

प्रिय पद्मिनी,
सप्रेम नमस्कार.

अक्षर मुद्दाम टपोरं काढलं आहे, तुझ्या मोतीबिंदूला पुरेल एवढं. सुचेताकडून वाचून घेऊ नकोस, तुझी भाची असली तरी. फोनवर बोलतो की, मग पत्र कशाला, असं म्हणशील. तोंडाने सांगायचा धीर होत नाही, म्हणून.

नेत्राच्या शाळेचं विचारलं होतंस. साधी सरकारी प्राथमिक शाळा, आपल्या महापालिकेच्या शाळेसारखीच. फक्त शिपाई नाही. जेवण मुलांनीच वाढायचं, फरशी मुलांनीच पुसायची. सहा वर्षांची पोरं ओणवी होऊन जिने पुसतात. मी बारा वर्षं मुख्याध्यापिका होते, पण एका पोराकडून फळा धड पुसून घेता आला नाही, हे तुला माहीतच आहे.

सकाळी मुलं रांगेने चालत शाळेत जातात. चौकात पालकांनी आळीपाळीने पिवळा झेंडा घेऊन उभं राहायचं. सूनबाई ओसाकाला बदलीवर, शैलेंद्र सातलाच ट्रेन पकडतो, म्हणून त्यांची पाळी मी घेतली. आता रोजच जाते. मुलं "इत्तेकिमासु" म्हणतात, म्हणजे "जाऊन येतो". आपल्यासारखंच, नुसतं "जातो" नाही. त्याचं जपानी उत्तर माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी आपलं "या हं" म्हणू लागले. पोरांना वाटलं, हेच बाईंचं नाव. तेव्हापासून चौकात मी या-सान, म्हणजे या-बाई.

नेत्रा मात्र मैत्रिणींसमोर मला ओळख देत नाही. घरीही मी मराठीत विचारायचं, तिने जपानीत उत्तर द्यायचं. सव्वाआठला झेंडा गुंडाळला की अडीचपर्यंत घरात कुकरशिवाय आवाज नाही. पद्मिनी, इथे फार एकटं वाटतं गं. संध्याकाळी दोन कप चहाचं आधण ठेवते आणि मग लक्षात येतं.

आता सांगतेच. वीस तारखेचं तिकीट रद्द केलं. तुझ्या सत्तावीसच्या ऑपरेशनला मी नसेन.

सोमवारी नेत्राला सांगितलं होतं, आजी वीसला पुण्याला जाणार. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली तेव्हा बेल वाजलीच नाही, बाहेरून किल्ली फिरवायची खटपट ऐकू आली. दार उघडलं, तर आईची किल्ली गळ्यात अडकवून ही उभी. म्हटलं, अगं, मी आहे ना घरात?

"सवय करते," म्हणाली.

कित्येक दिवसांत ती मराठीत बोलली ते एवढंच.

शैलेंद्रने थांब म्हटलेलं नाही. मीच त्याला विचारलं. सूनबाई डिसेंबरात परत येईल, तोवर व्हिसाचं तो बघतो आहे. कबूल मी केलं होतं, मोडलंही मीच. रागाव हवं तेवढं, पण त्या दिवशी सुचेताला रजा घ्यायला लाव. एकटी रिक्षा करून जाऊ नकोस.

इतकी वर्षं रोज संध्याकाळी तुझ्या दारातून "येते गं" म्हणून निघायचे आणि समोरच्याच दारात शिरायचे. आज शेवटी काय लिहावं ते सुचत नाही. "येते" म्हटलं तर खोटं, आणि "जाते" आपण म्हणत नाही.

तुझी,
कुमुदिनी