क्रास्कबाईंच्या शेतातला माझा खड्डा

मी, डॉर्कस थर्टल, वय एकोणऐंशी, निवृत्त पोस्टमास्तरीण, राहणार वेदरली, नॉरफोक, कंबरेने मोडकी पण डोक्याने ठणठणीत असून, कोणाच्याही दडपणाला न बधता हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते.

१. घर व बँकेतील शिल्लक भाची मेरिएलला. शेतांत पुरलेल्या जुन्या वस्तू शोधायच्या माझ्या छंदाला ती जन्मभर "भंगार गोळा करणं" म्हणत आली, तरी देते. रक्ताला इलाज नाही.

२. मेटल डिटेक्टर, फावडे व गुडघ्यांखाली घ्यायची गादी याच छंदातला माझा जुना सोबती सिरिल बंटिंग यास. कारण सांगणे भाग आहे. १९९४ च्या सप्टेंबरात क्रास्कबाईंच्या सातू कापलेल्या शेतात माझे यंत्र किंचाळले. अर्धा खड्डा खणून मी गाडीतला चहाचा थर्मास आणायला गेले. परतते तो सिरिलच्या तळहातावर रोमन सम्राटाचे चांदीचे नाणे!

"अगं, मला वाटलं तू नाद सोडलास!"

"फावडं उभं रोवून कोणी नाद सोडतं का रे, चोरा?"

ज्याच्या हाती लागेल त्याचे, असा क्रास्कबाईंचा नियम. वर्तमानपत्रात फोटो त्याचा आला. मी बोलणे टाकले.

३. कबूल करते की, त्यानंतर अकरा वर्षे दर शनिवारी मी शेतातल्या त्याच्या शोधायच्या पट्ट्यात बिअरच्या बाटल्यांची झाकणे पुरत होते. रविवारी तो घामाघूम होऊन ती उकरी आणि सगळ्यांना सांगे, "रोमन लोक भलतेच पिणारे असावेत." हे कलम त्याला माझ्या पश्चात वाचून दाखवावे. मोठ्याने.

४. ते नाणेही सिरिललाच. गेल्या हिवाळ्यात माझा खुबा मोडला, तेव्हा तो रोज वाटाण्याचे सूप घेऊन येई. एके दिवशी त्याने नाणे टेबलावर ठेवले.

"घे. तुझंच आहे."

"इतकी वर्षं काय झोपला होतास?"

"परत दिलं असतं तर तुझा राग गेला असता. मग तू माझ्याकडे ढुंकून तरी बघितलं असतंस का?"

सूप खारट होते. मी दोन वाट्या प्याले.

५. वकीलबाई बजावतात की, लग्न केल्यास कायद्याने आधीचे मृत्युपत्र रद्द होते. येत्या रविवारी मी सिरिलला विचारणार आहे. हा सगळा कागद फुकट जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वेदरली, सोमवार, ४ मार्च २०१९
(सही) डॉर्कस थर्टल

साक्षीदार:
हिल्डा क्रास्क, शेतमालकीण (सही करताना "रविवारपर्यंत कशाला थांबतेस?" असे म्हणाल्या)
ऑब्री लार्टर, पाववाले