रोवणीला मी का आले होते

तीर्थरूप टिकाराममामांना,

करुणाचा साष्टांग नमस्कार. (परवा तपासणीसाठी रक्त काढल्यामुळे डावा हात दुखतो आहे, तेवढा वगळून.) तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि अड्याळची हवा बरी असावी. धान घरी आलं असेल. उर्वशीताईला नववा लागला, तुमच्या लेकीला आता विहिरीवर पाठवू नका. फोन न करता पत्र का, तर तुम्ही फोन स्पीकरवर लावता आणि अंगणात बसलेली आजी सगळं ऐकते. हे पत्र खाजगी आहे. आजीला दाखवू नका.

मामा, मला एक गुन्हा कबूल करायचा आहे. जुलैत मी भंडाऱ्याहून कॉलेज सोडून तुमच्या धानाच्या रोवणीला, रोपं लावायला धावत आले, चिखलात उतरले, आणि तुम्ही गावभर सांगत सुटलात, "पोरगी डॉक्टर होऊन राह्यली, पन बांधी नाही विसरली!" आजीने तर माझी दृष्ट काढली. खरं असं, की त्या आठवड्यात आमच्या वर्गाला हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या त्या वाईट काविळीच्या लशीचा तिसरा डोस होता, आणि मी सुईला घाबरून पळाले होते. (हो, दुसऱ्यांना सुया टोचायचं शिक्षण घेणारी मीच.)

त्यातून लशीचं रजिस्टर माझ्याचकडे. पहिल्या दोन डोसांना वर्गातल्या पळपुट्यांना मी मेसमधून, गच्चीवरून, एकाला तर वरठीच्या स्टेशनवरून पकडून आणलं होतं. (मीही डोळे मिटून ते दोन घेतले, कारण सगळे बघत होते.) रुग्णाला टोचलेली सुई चुकून आपल्या बोटात गेली तर काय होईल, यावर अशी भाषणं ठोकली की दोघी रडल्या. रोवणीहून परतल्यावर मात्र स्वतःच्या नावापुढे "तिसरा घेतला" असं लिहून मोकळी झाले. अक्षर फार सुंदर आलं होतं.

सप्टेंबरमध्ये मॅडमनी सगळ्यांचं रक्त तपासलं, लशीने अंगात संरक्षण तयार झालं का ते बघायला. आकडा किमान दहा हवा. पोरं एकमेकांना मार्क विचारावेत तसे आकडे विचारत फिरत होती. तासाला घोरणाऱ्या अनुपला आठशे! मला चार. मॅडमनी रजिस्टर पाहिलं, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "करुणा, रजिस्टरला आलं असेल संरक्षण, तुला नाही." आकडा वर जाईपर्यंत प्रसूतिकक्षात पाऊल ठेवायचं नाही, असं फर्मान निघालं. मामा, तिथे मात्र मला रडू कोसळलं. भंडाऱ्याला आमच्याच दवाखान्यात ताईची वेळ येईल तेव्हा मी उशाशी उभी असेन, असा शब्द मी तिला दिला आहे, आणि त्याच भरवशावर ती हसतखेळत दिवस काढते आहे.

मग निमूटपणे घेतला तिसरा डोस. मुंगी चावल्याइतकं दुखलं! एवढ्यासाठी मी तीन दिवस धानाच्या बांधीत वाकले होते. (मी लावलेली अर्धी रोपं तुम्ही मागाहून परत लावलीत, तेही मला ठाऊक आहे.) आज सकाळी नवा आकडा आला: तीनशे बारा. मला इतका आनंद झाला, की कारधाच्या पुलावर सायकल थांबवून मी तो वैनगंगेला ओरडून सांगितला. एक म्हैसवाला दचकला. ताईला सांगा, मी उशाशी आहे.

तुमची भाची (आता खरोखर लस घेतलेली),
करुणा

ता. क. आजीने रोवणीच्या वेळी शेताच्या धुऱ्यावर बसून जाहीर केलं होतं, "बारसं होयेपर्यंत लेकराले सुई लावू देनार नाही." हीच लस ताईच्या बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायची असते. पण त्या वेळी आजीपुढे कोणाचं चालणार नाही, तुमचं तर नाहीच.

आणखी एक ता. क. म्हणून वर मुद्दाम "खाजगी" लिहिलं. तुम्ही पत्र लपवताय म्हटल्यावर आता हे ऐकल्याशिवाय आजी तुम्हाला जेवू देणार नाही. मोठ्याने वाचा. आजी, मी पळाले तशी तू पळू नकोस. सुई लागेल तेव्हा बाळ तुझ्याच मांडीवर असू दे, आणि एक हात माझ्यासाठी मोकळा ठेव. मला अजून सुई बघवत नाही.