राक्षसाचं दार

प्रिय आई,

वाकून नमस्कार, आणि उठता उठता एक घट्ट मिठी.

मी मजेत आहे, जेवते वेळेवर. खोलीची खिडकी नीट लागत नाही, पण फटीत कागद कोंबलाय, काळजी नको. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

अगं, आज वर्गात धमालच झाली! लेखक ऐन रंगात आलेली गोष्ट मध्येच का थांबवतो, असं बाईंनी विचारलं. सगळे जाडजूड कादंबऱ्यांचे दाखले देत होते. मी पहिल्यांदाच हात वर केला आणि तुझं सांगितलं. राक्षसाचं दार करकरलं की तू गप्प व्हायचीस, आणि आमचं ताट संपेपर्यंत ते दार काही उघडायचं नाही. ऐकणारा असा अडकला, की सांगणारा त्याच्याकडून हवं ते करून घेतो! वर्ग खो खो हसला. बाईंनी मात्र चष्मा काढला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाल्या...

दादा फोनवर सांगत होता, तुझा खोकला अजून गेलेला नाही आणि डॉक्टरांचं नाव काढलं की तू विषय बदलतेस.

बाई काय म्हणाल्या ते तू डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर. तोवर दार बंद!

तुझ्याच तालमीत तयार झालेली,
धाकटी