बेल्जियमच्या बाटलीचे मार्क

रविवार, संध्याकाळ

संजूच्या बॅगेत सापडलेली बेल्जियमची बिअर आज वहिनींनी आणून दिली. तो वारला, त्याला चार महिने झाले. जहाजावरून सुट्टीला आला की दर देशाची एक बाटली, शेंगाचटणी आणि आम्ही दोघं दोस्त. मार्क आपापल्या तळहातावर लिहायचे, मुठी एकदम उघडायच्या. जर्मनीला आठ, जपानला सात. दहा मात्र त्यानं बार्शी रोडच्या ढाब्यावरच्या साध्या बिअरलाच दिले. का रे, विचारलं तर म्हणाला, "त्या बाटल्या बघितल्या की परत जायचं आठवतंय गड्या. ही घरची हाय की."

आज एकटाच प्यायलो. सवयीनं मार्क लिहिले, मूठ मिटली आणि समोर बघत बसलो. वेड लागलंय का मला?

हे लिहितोय तरी डावी मूठ उघडलेली नाही.